पावसात झोळी बांधून कोरडं आणि उबदार कसं झोपावं

सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये झोळीत, म्हणजे हॅमॉकमध्ये, झोपायचं तर डोक्यावर ताडपत्री ताणली की काम झालं असं वाटतं. पण पाणी येतं झोळी झाडाला बांधायच्या पट्ट्यावरून ओघळत, झडीबरोबर बाजूने आणि आपल्याच ओल्या कपड्यांतून. गारठा येतो पाठीखालून.

झाडं १२ ते १५ फुटांच्या अंतरावरची, जिवंत आणि मांडीएवढी जाड बघा. जांभूळ, हिरडा, अंजन उत्तम. पांगारा, शेवगा नकोत, लाकूड ठिसूळ असतं. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, हे उजेडातच तपासा. ओढ्याच्या पात्राजवळ तर मुळीच बांधू नका, वर माथ्यावर कोसळला की ओढा बघता बघता फुगतो. अभयारण्य असेल तर मुक्कामाची परवानगी वन खात्याकडून आधी घ्या.

ताडपत्री सॅकमध्ये अगदी वर हवी. पहिली ती बांधायची आणि तिच्या आडोशाला उभं राहून बाकी सामान उघडायचं. सकाळी उलट: सगळं भरून झाल्यावर शेवटी ताडपत्री, तीही वेगळ्या पिशवीत.

झोळी ११ फुटी असेल तर ताडपत्री किमान ११ फूट लांब आणि १० फूट रुंद घ्या. पट्टे साधारण ३० अंशांत उतरले, की झोळीची टोकं एकमेकांपासून ९ फुटांवर येतात आणि दोन्हीकडे फूटभर छप्पर उरतं. आत बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला असावं. मोसमी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणून झोळी शक्यतो उत्तर-दक्षिण बांधा आणि ताडपत्रीची पश्चिमेची कड जमिनीपासून वीतभर अंतरावर आणा. दरीत मात्र वारा वळतो, तिथे प्रत्यक्ष दिशा बघूनच ठरवा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. झाडाच्या बुंध्यावरून येणारं पाणी पट्ट्याला लागतं आणि उतारावरून थेट झोळीच्या टोकात शिरतं. मध्यरात्री पायाशी किंवा डोक्याशी ओल लागते ती यामुळे, आणि दोष बिचाऱ्या ताडपत्रीला जातो. उपाय पाच रुपयांचा आहे: दोन्ही पट्ट्यांवर, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, झोळीच्या टोकापासून वीतभर अंतरावर सुती नाडी घट्ट बांधा आणि तिची टोकं वीतभर लोंबती सोडा. पाणी नाडीत शिरून खाली टपकतं. पंधरा मिनिटांच्या पावसानंतर नाडी आणि झोळीच्या मधला पट्टा बोटांनी चाचपा. ओला लागला तर नाडी सैल आहे.

नायलॉनची ताडपत्री भिजली की सैल पडते, मग मध्ये पाणी साचतं. झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या एकदा पुन्हा ताणा. बाजारातली निळी प्लॅस्टिकची ताडपत्रीही चालते, जड असली तरी. तिच्या कडीची भोकं मात्र वाऱ्यात फाटतात. कोपऱ्यात सुपारीएवढा गोल खडा गुंडाळून त्याच्यामागे दोरी आवळा, ती सुटत नाही. चिखलात मेखा उपटतात, म्हणून नऊ इंची वापरा, डोकं ताडपत्रीपासून लांब कललेलं ठेवा आणि वर दगड ठेवा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मेख ठोकता येत नाही, तिथे दोरी थेट दगडाला.

उबेचं गणित वेगळं आहे. स्लीपिंग बॅगेतला भरावा अंगाखाली दाबला की ऊब देत नाही, त्यामुळे बाहेर २० अंश असले तरी पहाटे पाठ गार पडते. आठ-दहा मिलिमीटरची फोमची चटई झोळीत घाला. ती खांद्यांना अपुरी पडते, तेव्हा दोन्ही बाजूंना फोमचे फूटभर तुकडे जोडा. थोडं तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते. अंडरक्विल्ट, म्हणजे झोळीखाली बाहेरून टांगायची दुलई, असेल तर ती झोळीला टेकलेली हवी: मध्ये फट राहिली तर वारा खेळतो, फार आवळली तर भरावा चेपतो. पिसांचा भरावा ओला झाला की निकामी होतो, पावसाळ्यात सिंथेटिकच बरा. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, त्यामुळे घोंगडीचं वजन झेपत असेल तर जरूर न्या.

झोपायचे कपडे आणि मोजे दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, ते दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत. ओले कपडे झोळीत आणू नका, ताडपत्रीच्या आढ्याच्या, म्हणजे मधल्या, दोरीला टांगा. ताडपत्रीची दोन्ही टोकं पूर्ण बंद केली तर श्वासाची वाफ आत साचते, वारा येतो त्याच्या उलट बाजूचं टोक उघडं असू द्या. बूट उपडे करून दोरीला अडकवा, जमिनीवर ठेवले तर सकाळी आत जळवा सापडतील. निजताना धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये धरा.