तेझेच्या टेकडीवर तीन महिने: मिशनला निघालेल्या तरुणांसाठी

आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "ताई, परदेशात मिशनला जायचंय, काय तयारी करू?" गाणी बसवणं, साक्ष (आपल्या विश्वासाची कहाणी) लिहून काढणं, नाटिका बसवणं हे सगळेच करतात. मला सांगायचंय ते दुसऱ्याच तयारीबद्दल. भांडी घासायची, दारात उभं राहायची आणि गप्प बसायची तयारी.

मी फ्रान्समधल्या तेझे इथे स्वयंसेविका होते. बरगंडीतल्या टेकडीवरचं एवढंसं खेडं. १९४० साली, युद्ध ऐन भरात असताना, रॉजर नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण सायकलवरून इथे आला. त्याने घर घेतलं आणि पळून आलेल्यांना आसरा दिला, त्यांत ज्यूही होते. १९४९च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी, म्हणजे मठवासी म्हणून एकत्र राहणाऱ्यांनी, आयुष्यभराचं व्रत घेतलं. आता तीसेक देशांतले कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बंधू तिथे एकत्र राहतात. ते स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी, पुस्तकं अशा स्वतःच्या कामावर त्यांचं चालतं. उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण तिथे येतात, आणि त्यांचं जेवणखाण, राहणं, साफसफाई सगळं तरुणच सांभाळतात. आपण जातो ते या कामात हात लावायला.

आमच्या नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ साली आले. त्यांनी पेरलेल्या मळ्यातली मी, आणि युरोपात चाललेली. जाताना वाटलं होतं की आपल्याला तिथे खूप बोलावं लागेल. ते तसं झालं नाही, पण त्याआधी कागदपत्रांचं सांगते.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच), अल्प मुदतीचा, म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. इथे नीट लक्ष द्या: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने धरले तर ९२ दिवस होतात. पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस मोजतात, म्हणून कॅलेंडर समोर ठेवून बोटांवर मोजा आणि मगच तिकीट काढा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी ९० युरो. आरोग्यविमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा लागतो. माझा विमा काढून देणाऱ्याने मुदत एका दिवसाने कमी भरली होती. मी तारखा पाहिल्याच नाहीत. व्हिसाच्या खिडकीवरून परत फिरावं लागलं आणि नगरहून मुंबईची दुसरी फेरी झाली. आमंत्रणपत्र, पाळकांचं पत्र, घरच्यांच्या बँकेचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवा.

पॅरिसहून माकों-लोशेपर्यंत वेगवान गाडी, तिथून बस. बस टेकडी चढून थांबली की समोर घंटा दिसतात, आणि पुढचे तीन महिने त्याच तुमचं घड्याळ होतात. सकाळी सव्वाआठला प्रार्थना, मग न्याहारी. दहाला बंधूंचा पवित्र शास्त्राचा वर्ग. १२.२० ला दुपारची प्रार्थना, जेवण, गाण्यांचा सराव, गटचर्चा किंवा काम, सव्वापाचला चहा, सातला जेवण, साडेआठला रात्रीची प्रार्थना. मधल्या प्रत्येक फटीत काम असतं.

जेवण साधं. एक ट्रे, एक ताटली, एक वाडगा, एक चमचा. काटा नाही, सुरी नाही. चहासुद्धा वाडग्यातच, दोन्ही हातांनी धरून प्यायचा. न्याहारीला पाव, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. दुपारी मसूर किंवा बटाट्याचं काहीतरी, मीठही बेताचं. आई तूप आणि पेढे बांधून देईल, पण घेऊ नका. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांना युरोपीय संघात दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. माझी दोन पाकिटं होती. तिसऱ्या आठवड्यात कोरियाच्या मुलीने पावाच्या लोण्यावर ती भुरभुरली, आणि मग पाकिटं माझी राहिली नाहीत.

माझं पहिलं काम भांडी घासायचं. मोठमोठ्या टाक्यांत वाफाळतं पाणी, लांब दांड्यांचे ब्रश, ताटल्यांचे मनोरे. सहा-सात जण गोल उभे, कुणीतरी गाणं सुरू करायचं आणि बाकीचे त्यात सूर मिसळायचे. मिशन इथेच चालतं, हे मला कळायला दोन आठवडे लागले. कोपरापर्यंत फेस असलेली सतरा वर्षांची एक जर्मन मुलगी मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरी कुणी चर्चला जात नाही. तुम्ही घरी प्रार्थना करता म्हणजे नक्की काय करता?" साक्ष मी पाठ करून आले होते, चांगली सात मिनिटांची. ती आठवलीच नाही. मी तिला माझ्या आजीबद्दल सांगितलं. पहाटे पाचला डोक्यावरून शाल घेऊन बसते, गावातल्या एकेकाचं नाव घेते, आमच्या म्हशीचंसुद्धा. तिने एक ताटली दोनदा घासली आणि विचारलं, "सगळी नावं? रोज?" दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला ती माझ्या शेजारी येऊन बसली. आठवडा संपला, ती गेली. पुढचं मला माहीत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं. रविवारी बस भरून येते, रविवारीच भरून जाते. पेरणारा वेगळा, कापणारा वेगळा, हे आपण उपासनेत शंभर वेळा ऐकलेलं असतं. तिथे ते दर आठवड्याला बसथांब्यावर उभं राहून सोसावं लागतं.

दुसरं काम चर्चच्या दारात पाटी धरायचं. पाटीवर वेगवेगळ्या भाषांत 'शांतता'. शिकवतात इतकंच: रागावून बघायचं नाही, शुक्‌शुक् करायचं नाही, पाटी धरून हसऱ्या चेहऱ्याने उभं राहायचं. हसत-खिदळत आलेली पोरं दारात आपोआप थांबतात. आत बाकं नाहीत, सगळे जमिनीवर. इथे आपली मुलं इतरांपेक्षा पुढे असतात, कारण मांडी घालून तासभर बसायची आपल्याला सवय आहे. गाणी एक-दोन ओळींची, लॅटिन, स्पॅनिश, जर्मन अशा भाषांतली, पुन्हा पुन्हा म्हणायची. शब्द परके वाटतील, पण रीत परकी वाटणार नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांत वाढलेल्याला तेच पालुपद दहाव्यांदा म्हणताना काय होतं हे सांगावं लागत नाही.

अवघड असतं ते प्रार्थनेच्या मधलं मौन. आठ-दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. पहिल्या आठवड्यात मला त्या वेळात घरचं भाडं, बहिणीची परीक्षा, दुपारचं काम, सगळं आठवायचं. आम्हा मुलींकडे लक्ष द्यायला संत आंद्रेच्या सिस्टर असतात. त्यातल्या एकींना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मन गेलं तर जाऊ दे, स्तोत्रातली एक ओळ हातात धर आणि परत ये. मी २३व्या स्तोत्राची पहिली ओळ धरली, मराठीतूनच. तुम्हीही मराठीतूनच धरा. इंग्रजी दिवसभर बोलावी लागतेच, प्रार्थनेत तरी तिची सक्ती नाही.

शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात. लोक रांगेने गुडघ्यांवर येऊन लाकडाला कपाळ टेकतात, रात्री उशिरापर्यंत. शनिवारी मेणबत्त्या, एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत. रविवारी प्रभुभोजन. म्हणजे दर आठवड्याला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि दर आठवड्याला पुनरुत्थान. शुक्रवारी माझी दाराजवळ सेवा असे, पण एकदा पाटी दुसरीला देऊन मीही रांगेत गेले. लाकूड हजारो कपाळांनी कोमट झालेलं होतं.

घरची आठवण साधारण पाचव्या आठवड्यात गाठते. नवलाई संपलेली असते, पाव नकोसा झालेला असतो. अशा वेळी खोलीत पडून फोन बघत बसू नका, आपल्या सिस्टरांना किंवा बंधूंना जाऊन सांगा. त्यांच्याशी बोलायची वेळ ठरलेली असते, तीत "सगळं छान आहे" एवढंच सांगून उठू नका. स्वेटर दोन, पावसाळी जॅकेट, चिखलात चालतील असे बूट, गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जवळच्या क्ल्युनी गावात बेकरीत शिरताना आधी 'बोंजूर' (नमस्कार) म्हणा, मग मागा.

परतल्यावर पाळकांनी मला रविवारी बोलायला उभं केलं. मी थोडंच बोलले आणि मंडळीला विचारलं, पाच मिनिटं गप्प बसू या का? पंख्याचा आवाज, बाहेर रिक्षा, मागे कुणाचं तरी बाळ. आजी पहिल्या बाकावर होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नावं घेत असावी.