बाळाला ऐकू येतंय का? टाळी वाजवून ठरवू नका

पाळण्यामागे ताट वाजवलं, बाळ दचकलं, घरातल्यांनी 'ऐकतंय की!' म्हणून सुस्कारा सोडला. हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक. ताट आपटलं की हवा हलते, पाळणा थरथरतो, समोर बसलेल्या आजीच्या भुवया उंचावतात. बाळ यातल्या कशालाही दाद देतं. शिवाय मोठा ठोका ऐकू येणं वेगळं आणि 'स', 'फ' असे बारीक आवाज ऐकू येणं वेगळं. खर्जातलं ऐकणारं पण उंच पट्टीतलं न ऐकणारं मूल हाकेला ओ देतं, शब्द मात्र त्याच्यापर्यंत अर्धेच पोचतात.

'हुंकार देतं ना, मग झालं' हेही तसंच फसवं. जन्मतः बहिरं बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने हुंकार देतं, खिदळतं. फरक कळतो तो सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास. ऐकणारं बाळ तेव्हा 'बाबाबा', 'दादादा' सुरू करतं, न ऐकणारं मागे राहतं. पण एवढं थांबायचं कशाला? पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपाय, असा 1-3-6 चा नियम जगभर मानला जातो. ऐकण्याच्या मज्जामार्गांची जडणघडण पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक जोरात होते. आवाज मिळाला नाही, तर मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला लावू लागतो.

'आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही.' नसेलही. पण बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी येतात. दोघांकडूनही त्याच जनुकाची सदोष प्रत आली की पुरे, आईवडिलांना स्वतःला काही त्रास नसतो.

आता चाचणीच्या निकालाकडे. ओएई चाचणीत कानात छोटी बोंडी बसवून हलके आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींचा प्रतिसाद मोजतात. बाळ झोपलेलं असलं की काही मिनिटांत काम होतं. निकाल 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', असा आला म्हणजे बाळ बहिरं, असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी किंवा चिकट थर असतो, त्यामुळेही असं होतं. फेरतपासणीत बहुतेक बाळं पास होतात, आणि नेमकी म्हणूनच ती फेरतपासणी टाळली जाते. खरी अडचण असलेली बाळं इथेच हातातून निसटतात. तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

उलट 'पास' आलं तरी एक मेख आहे. केसपेशी ठीक पण पुढची नस संदेश नीट नेत नाही, असा दोष ओएईला दिसत नाही. बाळ पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात होतं, कावीळ रक्त बदलण्याइतकी वाढली होती, तर नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश मोजणारी एबीआर, म्हणजे ज्याला बरेच जण 'बेरा' म्हणतात, ती चाचणी मागाच. गरोदरपणातल्या सीएमव्ही या विषाणूच्या संसर्गाने ऐकणं पुढे हळूहळूही कमी होतं. मेंदूज्वर, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, झाला असेल तर बरं वाटल्यावर निवांत नव्हे, लगेच तपासा. त्यानंतर आतल्या कानात हाड भरू लागू शकतं, मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण, बसवणं अवघड होतं.

'एक कान चांगला आहे ना' म्हणूनही सोडून देऊ नका. गोंगाटात आणि आवाजाची दिशा ओळखताना अशी मुलं अडखळतात.

निदानानंतर 'मोठं झालं की मशीन लावू' हा विचार निव्वळ वेळ घालवतो. काही आठवड्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र बसवता येतं. दरम्यान खुणांची भाषा सुरू केली तर मूल बोलणार नाही, ही भीतीही काढून टाका. भाषा कोणत्याही वाटेने आली तरी चालते, ती वेळेवर यायला हवी.

यंत्र शिट्टी मारायला लागलं की बरेच पालक ते बंद करून ठेवतात. बहुधा बिघाड यंत्रात नसतो. कान वाढलेला असतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो आणि फटीतून आवाज बाहेर येतो. पहिल्या वर्षात साचा वरचेवर नवा करावा लागतो. तोवर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, विचारून यंत्र चालू ठेवा. बॅटरीच्या कप्प्याला लहान मुलांसाठीचं कुलूप आहे ना, तेही बघा. बटणासारखी ती बॅटरी गिळली, तर मिनिटंही न दवडता रुग्णालय गाठावं लागतं.