ऊसाचं रान खारट झालंय? मग विद्यापीठांना कामाला लावा

चिकोडी, अथणी, रायबागकडं कृष्णाकाठी बऱ्याच रानांत पांढरा खार फुटलाय, आणि हे एकट्या खतवाल्याचं काम न्हाई बघा. आधी माती घ्या. व्ही आकाराचा खड्डा काढायचा, 15 सेंमी खोल, कडेची पातळ चकती कापायची, असं आठ-दहा ठिकाणी करून सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवा (उकिरड्याजवळची माती नको, रिपोर्ट फसतो). ती धारवाड कृषी विद्यापीठात नाहीतर मत्तीकोप्पच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) दाखवा. पीएच 8.5 च्या वर असेल तर सोडियमचा संशय, मग जिप्सम (सोडियम हटवणारं खनिज) टाका, पण नुसते क्षार असतील तर जिप्सम टाकून पैसे घालवू नका, निचरा करा, म्हणजे चर खणून खारट पाणी रानाबाहेर काढा.

निचरा म्हणजे सिव्हिलवाल्यांचं काम. व्हीटीयू (इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) 1998 पासून बेळगावातच हाय, तिच्या कॉलेजांतल्या फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्ट लागतातच, त्यांना उतार मोजायला बोलवा. चर शेजाऱ्याच्या रानातनं जाणार म्हटल्यावर भांडण ठरलेलं, तिथं राणी चन्नम्मा विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्रवाल्यांना विचारा, खर्च कसा वाटायचा ते. आणि शोधगंगा या वेबसाइटवर विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, शेवटचं प्रकरण आधी वाचा.