गल्लीतल्या पडक्या कारखान्याचा प्रश्न आम्ही कसा सोडवला

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, यंत्रमागाचा एक कारखाना बरीच वर्षे बंद होता. पत्रे उडालेले, वेड्या बाभळी माजलेल्या आणि सूत रंगवायच्या उघड्या हौदात पावसाचे हिरवे पाणी साचलेले. रात्री तिथे दारुड्यांची टोळकी बसत, त्यामुळे वळलेल्या विड्या विडी कारखान्यात जमा करून परतणाऱ्या बायका लांबचा वळसा घालत. माझी आईही त्यांतलीच. रस्त्याकडच्या भिंतीच्या भेगेत माझा पंजा मावला, तेव्हा मात्र मला स्वस्थ बसवेना.

तोंडी तक्रारी पुष्कळ झाल्या होत्या. त्यांची नोंद कुठेच नव्हती, आणि माझ्या मते आमची खरी चूक तीच होती. म्हणून नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (जागेच्या मालकीच्या नोंदीचा) उतारा काढला आणि भेगेची छायाचित्रे जोडून, ३४ घरांच्या सह्यांनिशी, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २६४ चा (पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामाबाबत मालकाला नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांना देणारे हेच ते कलम) स्पष्ट उल्लेख करून महापालिकेत अर्ज दिला. आवक क्रमांकासह पोच हातात पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

उताऱ्यावरील वारसांनाही आम्ही स्वतः भेटलो. जागा बळकावली जाईल, ही त्यांची भीती होती. ती दूर होताच ते तयार झाले. नोटिशीनंतर त्यांनी भिंत उतरवली, हौद मुरूम टाकून बुजवला आणि फाटकाला कुलूप लावले. कोपऱ्यावरचा दिवा मात्र अजून बंद आहे; त्याचा अर्ज सोमवारी देणार आहोत.