वृद्धाश्रमात सोलर, एलईडी आणि बायोगॅस बसवताना या चुका टाळा

वृद्धाश्रमाच्या खर्चात वीज, गॅस आणि पाण्याचे आकडे मोठे असतात. त्यामुळे गच्चीवर सोलर बसवावं असं विश्वस्तांना वाटणं रास्तच आहे, आणि देणगीदारही अशा कामाला चटकन पुढे येतात. चूक होते ती पुढे. हॉटेलला किंवा कॉलेजच्या वसतिगृहाला जे चालतं, तेच जसंच्या तसं इथे बसवलं जातं. इथे राहणारे आजोबा 80 वर्षांचे आहेत, पहाटे 4 ला उठतात, रात्रीतून दोनतीनदा संडासला जातात आणि पाण्याचा चटका त्यांना उशिरा कळतो. यंत्रणा त्यांच्या दिनक्रमाला जुळली नाही, तर वीज वाचते पण माणसाचे हाल होतात. असं हरित काम मला मान्य नाही.

सकाळी पाणी कोमट का येतं?

सोलर बंबाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. प्लंबर आला की आधी गच्चीवरच्या, उन्हानं पाणी तापवणाऱ्या काचेच्या ट्यूब तपासतो, पण दोष बऱ्याचदा वापराच्या वेळेत असतो. टाकीतलं पाणी दुपारी चारपर्यंत तापतं. संध्याकाळी त्याच पाण्यानं भांडी घासली, चादरी धुतल्या, की टाकीत तेवढंच थंड पाणी शिरतं आणि पहाटे अंघोळीला कोमट उरतं. स्वयंपाकघराची आणि धुलाईची लाइन वेगळी काढा. ते जमत नसेल तर दुपारनंतर तिचा कॉक बंद ठेवा.

दुसरं कारण पाइप. टाकी एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला असलं, की गरम पाणी येईपर्यंत बादलीभर थंड पाणी वाया जातं. पाइपवर जाड इन्सुलेशन हवंच. इमारत मोठी असेल तर पाणी टाकीकडे परत नेणारी लाइन आणि छोटा पंप बसवा. तिसरं कारण बोअरचं पाणी. क्षार काचेच्या ट्यूबमध्ये साठतात आणि पाणी तापेनासं होतं. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर ट्यूबऐवजी सपाट पॅनलचा (फ्लॅट प्लेट) आणि हीट एक्स्चेंजर असलेला बंब घ्या; त्यात बोअरचं पाणी पॅनलमध्ये न फिरता वेगळ्या द्रवाच्या उष्णतेनं तापतं. सुरुवातीला महाग पडतो, पण टिकतो.

पावसाळ्यात टाकीतला विजेचा हीटर दिवसभर चालू ठेवणं ही उधळपट्टी आहे. टायमर लावून तो पहाटे अडीच-तीनला सुरू होईल असं करा. वापर मोठा असेल तर हीट पंपाचा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचा विचार करा. साध्या हीटरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तो तेवढंच पाणी तापवतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. उन्हाळ्यात सोलरचं पाणी 70 अंशांच्या वर सहज जातं. 60 अंशांचं पाणी धडधाकट प्रौढाची कातडीही सुमारे 5 सेकंदांत खोलवर भाजवतं. वृद्धांची त्वचा पातळ असते, मधुमेहामुळे अनेकांच्या पायांची संवेदना गेलेली असते आणि हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. यावर उपाय म्हणून काही जण टाकीचं तापमानच कमी ठेवतात. हे करू नका. 20 ते 45 अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया वृद्धांना जड जातो. टाकी 60 अंशांवर राहू द्या आणि न्हाणीघरात शिरणाऱ्या लाइनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा; तो गरम पाण्यात थंड पाणी आपोआप मिसळून तापमान ठरावीक ठेवतो. नळातून पाणी 40 अंशांच्या आसपास यायला हवं. व्हॉल्व्ह बसेपर्यंत अंघोळ घालणाऱ्या मावशींना एक नियम द्या: बादलीत विसण आधी, गरम पाणी नंतर. पाणी थर्मामीटरनं किंवा स्वतःच्या कोपरानं पाहिल्याशिवाय कुणाच्या अंगावर घालायचं नाही.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं

गच्चीवर ऊन रणरणतंय, पॅनल चकाकतायत आणि आश्रमात अंधार! व्यवस्थापक विक्रेत्याला फोन लावतात, पण यंत्रणा बिघडलेली नसते. पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा, ग्रिडला (महावितरणच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला साधा इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की स्वतःहून थांबतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. बिल कमी करायला ही यंत्रणा उत्तम, पण लोडशेडिंगमध्ये तिचा भरवसा धरता येत नाही. हे बसवण्याआधी विश्वस्तांना स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

म्हणून आधी एक यादी करा: वीज गेल्यावर काय बंद पडून चालणार नाही? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र), अंथरुणाला खिळलेल्यांच्या एअर मॅट्रेसचा पंप, इन्सुलिनचा फ्रिज, संडासातले आणि जिन्यातले दिवे, कॉलबेल. ही उपकरणं वेगळ्या सर्किटवर घ्या आणि त्या सर्किटला हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड गेल्यावरही पॅनल आणि बॅटरीवर चालणारा) व बॅटरी द्या. हिशेब सोपा आहे. मिनिटाला 5 लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट घेतो, म्हणजे 4 तासांत 1.4 युनिट. 12 व्होल्ट, 150 एएचच्या एका बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, पण ती तळापर्यंत वापरता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते. म्हणजे एका बॅटरीवर एक कॉन्सन्ट्रेटरही 4 तास खात्रीनं चालणार नाही. दोन बॅटऱ्या धरा आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर तरीही जवळ ठेवा. लिफ्ट या बॅटरीवर घेऊ नका, तिच्यासाठी वेगळी सोय लागते.

अनुदानाबाबत एक इशारा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहक आणि गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी आहे. ट्रस्टच्या नावावरचं कनेक्शन त्यात आपोआप बसेल असं धरू नका. बिलावरची वर्गवारी पाहा, महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा आणि मगच अंदाजपत्रक करा.

दिवे आणि पंखे

साठीच्या डोळ्यांत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून 'कमी वॅटचा बल्ब' हा इथे बचतीचा मार्ग नाही. पुरेसा उजेड देणारे, दुधी आवरणाचे, पिवळसर झाक असलेले एलईडी घ्या. पांढराशुभ्र दिवा ओल्या, गुळगुळीत फरशीवर चमकतो आणि डोळे दिपतात.

संडासात हालचालीवर चालणारा सेन्सर दिवा लावणं ही तर टाळायलाच हवी अशी चूक. आजी कमोडवर शांत बसलेल्या असतात, सेन्सरला हालचाल दिसत नाही आणि दिवा विझतो. अंधारात उठताना तोल जातो, खुबा मोडतो. सेन्सर बाहेरच्या पॅसेजमध्ये लावा, संडासात रात्रभर 3-5 वॅटचा दिवा जळू द्या. त्याचं महिन्याचं बिल फार तर 2 युनिट.

बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, बहुधा रिमोटवर चालणारा) 75 वॅटऐवजी 30 वॅटमध्ये चालतो, ही बचत खरी आहे. पण रिमोट उशीखाली हरवतो, बटणं दिसत नाहीत आणि रात्री गारठलेल्या आजोबांना पंखा कमी करता येत नाही. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल मागा.

डायपर आणि उरलेलं अन्न

वापरलेले डायपर आवारात जाळू नका, छोट्या विजेच्या भट्टीतही नाही. त्या कमी तापमानात प्लॅस्टिक नीट जळत नाही आणि विषारी धूर थेट खोल्यांमध्ये येतो. ते कंपोस्टमध्येही कुजत नाहीत. घनकचरा नियमांनुसार हा सॅनिटरी कचरा आहे. वेगळा गुंडाळून, खूण करून पालिकेच्या गाडीत द्या. इन्सुलिनच्या सुया त्यात कधीच जाऊ नयेत, त्यांना जाड, न टोचणारा डबा हवा.

उरलेल्या अन्नासाठी बायोगॅस मला मनापासून आवडतो. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' (ARTI) संस्थेनं शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं, त्याला 2006 मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आश्रमातला मऊ भात, खिचडी, पेज हे त्याचं अगदी योग्य खाद्य. बिघडतं ते हावरेपणानं. एखाद्या सणाला उरलेलं सगळं जेवण एकदम ओतलं की आतलं द्रावण आंबट होतं आणि गॅस थांबतो. अशा वेळी खाद्य बंद ठेवा, थोडा शेणकाला घाला आणि ज्योत पुन्हा निळी होईपर्यंत थांबा. लिंबाची सालं, अंड्यांची टरफलं आणि साबणाचं पाणी आत जाऊ देऊ नका. थंडीत गॅस कमी येतो, तो बिघाड नव्हे.

देणगी घेताना

देणगीदार यंत्र देतो, देखभाल देत नाही. दोन वर्षांनी पॅनलवर धुळीचा थर, बॅटरीत पाणी नाही आणि बसवणाऱ्या एजन्सीचा फोन लागत नाही, ही अवस्था अनेक ठिकाणी दिसते. देणगी स्वीकारतानाच 5 वर्षांचा देखभाल करार त्याच रकमेत मागा. संकोच वाटायचं कारण नाही, समजूतदार देणगीदार नाही म्हणत नाहीत. गच्चीवर पाण्याचा नळ आणि कठड्याचा पक्का जिना आहे का ते बघा. मावशींना शिडीवर चढवून पॅनल पुसून घेणं धोक्याचं आहे. पॅनल सकाळी लवकर, तापण्याआधी धुवायचे. कोणता कॉक कुठल्या लाइनचा, हे रंगानं लिहून ठेवा आणि वायरमनचा नंबर ऑफिसातल्या फायलीत नको, मीटरशेजारच्या भिंतीवर हवा. रात्रपाळीच्या मावशींकडे ऑफिसची किल्ली नसते.