गिटारची निगा: सांगली-मिरजेच्या हवेत या चुका टाळा

गिटारची तार झणझणू लागली किंवा बोटांना जड जाऊ लागली की आपल्याकडे पहिला हात जातो तो ॲलन कीकडे, म्हणजे षटकोनी चावीकडे. नेकमधली, म्हणजे गिटारच्या लांब मानेतली, लोखंडी सळई (ट्रस रॉड) थोडी पिळली की वाद्य सुधारते, असा समज सांगली, मिरज आणि साताऱ्यातल्या नव्या वादकांमध्ये पक्का झालेला दिसतो. गिटारच्या तक्रारींमागची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांतल्या अनेकांशी या सळईचा काहीही संबंध नसतो. म्हणून आधी मोजावे, कारण ठरवावे आणि मगच स्क्रूला हात लावावा. या लेखातील बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे घडतात.

ट्रस रॉडकडून नको ते काम मागणे

तारांच्या ओढीने नेक किंचित पुढे वाकतो. तो बाक आवरून धरणे एवढेच ट्रस रॉडचे काम आहे. तारांची उंची कमी करण्यासाठी तो पिळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. बाक मोजण्यासाठी गिटार नेहमीच्या सुरात लावून पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेटचा माथा यांच्यातली फट पाहावी. ही फट साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. ती मोजायला लागणारा फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच, वाहनदुरुस्तीची हत्यारे विकणाऱ्या दुकानात मिळतो.

फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट दिशेने फिरवावा. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक वेळी सूर पुन्हा लावून नव्याने मोजावे. नट अडला तर जोर लावू नये. चावीचे मापही तपासून घ्यावे, कारण काही गिटारांना इंचातली आणि काहींना मिलिमीटरमधली चावी लागते. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, तिथे ३ मिलिमीटरची चावी आत जाते, पण सैल बसते आणि नटच्या कडा खाऊन टाकते. कडा गेलेला नट काढणे हे कसबी कारागिराचे काम आहे आणि त्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

झणझण नेमकी कुठे होते ते ऐकले तर कारण बरेचसे कळते. तार मोकळी वाजवतानाच झणझणत असेल आणि कोणत्याही फ्रेटवर दाबल्यावर थांबत असेल, तर डोक्याकडच्या नटमधली (हा ट्रस रॉडचा नट नव्हे, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाच खोल झालेली असण्याचा संभव अधिक. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण असेल तर बाक कमी पडतो आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढेच ती येत असेल तर सॅडल (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजमधली, तारा टेकणारी पट्टी) फार खाली आहे किंवा तिथले फ्रेट उचलले गेले आहेत. एकाच जागी दाबल्यावर येत असेल तर पुढचा एखादा फ्रेट वर आला आहे. तो ठोकून किंवा घासून सपाट करावा लागतो आणि त्यावर ट्रस रॉड हा उपाय नाही.

ऋतू विसरणे

अकूस्टिक गिटारचे लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी पडते. जूनपासून कृष्णाकाठ दमट होतो. साताऱ्याला सह्याद्री जवळ असल्याने भिंतीसुद्धा ओल धरतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि वर्षातले बरेच महिने आपली हवा या पट्ट्याच्या बाहेर असते.

कोरड्या हवेत वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि झणझण सुरू होते. फ्रेटबोर्ड आकसल्यामुळे फ्रेटची टोके कडेला हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात तीच फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. मे महिन्यात ट्रस रॉड एका दिशेने आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या दिशेने पिळणारा वादक खरे तर फळीच्या हालचालीशी झगडत असतो. उन्हाळ्यात केसमध्ये, छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात. अंदाजावर न राहता काही शंभर रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये टाकला तर त्याचा खर्च पहिल्याच वर्षी भरून निघतो. पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नये, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर मुळीच ठेवू नये. तिथल्या उष्णतेने ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचलला जातो.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव असलेल्या या भागात भिजलेल्या वाद्याबद्दलही सांगितले पाहिजे. पुराचे पाणी लागलेली गिटार उन्हात किंवा हीटरसमोर वाळवली की लाकूड चिरते आणि सांधे सुटतात. तारा पूर्ण सैल कराव्यात, चिखल स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावा आणि वाद्य सावलीत, वारा खेळेल अशा जागी आठवडेच्या आठवडे वाळू द्यावे. इलेक्ट्रिक गिटारचे आतले भाग पूर्ण कोरडे झाल्याखेरीज ती ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडू नये.

तारा, उंची आणि सूर

शिकाऊ मुलांसाठी घेतलेल्या अनेक स्वस्त अकूस्टिक गिटारांवर बाराव्या फ्रेटपाशी तारा साडेतीन-चार मिलिमीटर उंच असतात. मुलाची बोटे दुखतात, घरचे म्हणतात सराव कमी पडतो, आणि काही महिन्यांत गिटार कपाटावर जाते. हे मला फार खटकते, कारण दोष वाद्याचा असतो आणि शिक्षा मुलाला होते. बाक नीट केल्यावर अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तार सुमारे २.५ आणि बारीक तार २ मिलिमीटर, तर इलेक्ट्रिकवर सुमारे २ आणि १.६ मिलिमीटर उंच असावी. अकूस्टिकची उंची सॅडलच्या तळाला घासून कमी करतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडलचा एक मिलिमीटर घासावा लागतो, आणि घासलेला तळ काचेवर ठेवल्यावर डुगडुगता कामा नये. सॅडलखाली पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) असेल तर तळ वेडावाकडा झाल्यास एक तार मोठी आणि दुसरी दबलेली ऐकू येते. एकदा घासलेले परत मिळत नाही, म्हणून जुने सॅडल जपून नव्यावर काम करणे शहाणपणाचे.

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवणे ही चूक तर वाद्याच्या मुळावर येते. नायलॉनच्या सहा तारांची एकूण ओढ साधारण ४० किलोच्या आसपास असते, तर ०.०१२ ते ०.०५३ इंचाच्या स्टीलच्या संचाची ७० किलोच्या वर जाते. ब्रिजला तारा गाठ मारून बांधायच्या असतील आणि डोक्याला लांबट खाचा असतील, तर त्या गिटारला नायलॉनच लावावे.

सूर वारंवार उतरतो म्हणून सूर लावायच्या चाव्यांना दोष देण्याआधी डोक्याकडच्या नटच्या खाचा पाहाव्यात. तार आवळताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. मऊ पेन्सिलीचे शिसे खाचेत घासल्याने बहुधा काम भागते. सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. वर गेला तर बराच उतरवून पुन्हा चढवावा.

मोकळी तार सुरात असून वरच्या फ्रेटवर बेसूर वाटते, तेव्हा इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर सुरात येतो का ते, बघावे लागते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून येणारा स्वर) आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर इलेक्ट्रिकचे सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे सरकवावे. हे बाक आणि उंची ठरल्यावर आणि नव्या तारांवरच करावे, कारण जुनी तार कितीही सरकवली तरी सूर धरत नाही. सतारीचे पडदे सरकवून स्वर जागेवर आणता येतो. गिटारचे फ्रेट मात्र पक्के ठोकलेले असतात आणि दुरुस्तीची जागा सॅडलपाशीच उरते.

मिरजेजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिथल्या कारागिरांचा लाकडावरचा हात निर्विवाद आहे. परंतु तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीला तार हलकी घासत राहावी अशीच रचना करतात आणि त्या घासण्यातूनच तो भरलेला नाद येतो. गिटारच्या सॅडलवरून तार एका स्वच्छ कडेवरून सुटली पाहिजे, नाहीतर सतारीसारखी झणझण येते. सुटलेला ब्रिज चिकटवणे किंवा चीर बुजवणे ही कामे त्यांच्याकडे निःशंक द्यावीत. सॅडल घासायला देताना मात्र हवी असलेली मापे लिहून द्यावीत.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नये. ते कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि त्याला खवट वास येतो. शिसवीच्या उघड्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा मिनरल ऑइलचे थोडे थेंब पुरतात. लॅकर केलेल्या मेपल लाकडाच्या फ्रेटबोर्डला तेवढेही नकोत.

वीज

इलेक्ट्रिक गिटारमधून सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपमुळे येणारी थोडी गुणगुण स्वाभाविक असते, आणि तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटारचे अर्थिंग बहुधा ठीक आहे. ती घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढणे किंवा दोन पिनचा अडॅप्टर वापरणे ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. गणेशोत्सवातल्या किंवा लग्नातल्या मांडवात ॲम्प एका ठिकाणाहून आणि माइक दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेत असतो. अर्थिंग नीट नसेल तर हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी माइक असलेल्या गायकाच्या अंगातून २३० व्होल्टचा प्रवाह वाहू शकतो. माइकला ओठ लागताच मुंग्या आल्या तर गाणे तिथेच थांबवावे, सगळी जोडणी बंद करावी आणि मंडपाची वायरिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. सगळी उपकरणे शक्यतो एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावरून चालवावीत आणि त्या बोर्डाआधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावी.