पेशी चुकली म्हणून पळू नका: जामिनावर असताना या चुका टाळा

तालुक्याच्या कोर्टात पुकारा सुरू झाला की बोर्डावरच्या दोन-चार आरोपींचं नाव तीनदा घेतलं जातं अन् कोणीच पुढं येत नाही. यातले खरे फरार फार थोडे. बाकीचे म्हणजे धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणातले, वर्ध्याकडच्या दारूबंदीच्या केसमधले, ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी दिलेला चेक बाऊन्स झालेले साधे लोक, जामीन झाल्यावर कोणी चाकणला कंपनीत गेला, कोणी तेलंगणात मिरची तोडायला गेला अन् तारीख डोक्यातून निघून गेली. पण रोजनाम्यात दोघांसाठीही तेच लिहिलं जातं, आरोपी गैरहजर. तिथून पुढं जे सुरू होतं ते बहुतेक वेळा पहिल्या चार-आठ दिवसांत थांबवता येतं आणि नेमके त्याच दिवसांत लोक घाबरून गप्प बसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो. जामीन घेताना तुम्ही जो बाँड लिहून देता त्यात ठरलेल्या तारखेला हजर राहीन असं वचन असतं. पुरेसं कारण नसताना ते मोडलं तर तो वेगळा गुन्हा आहे, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 269, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 च्या आधीच्या प्रकरणांत हेच कलम जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) 229-अ म्हणून दिसेल. ही शिक्षा मूळ केसच्या शिक्षेपेक्षा वेगळी, आणि बाँडची रक्कम जप्त होते ती आणखी वेगळी. म्हणजे मूळ मारहाणीच्या केसमधून निर्दोष सुटलेला माणूसही गैरहजेरीच्या केसमध्ये अडकू शकतो. अन् सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुरेसं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे, पोलिसांवर नाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे पुरावा न ठेवणं. ताप होता तर ग्रामीण रुग्णालयाचा त्या दिवशीचा ओपीडीचा कागद पाहिजे, पूर आला तर त्या दिवशीचे फोटो, गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, एसटी बंद असल्याची पेपरातली बातमी, जे मिळेल ते. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा माणूस अहेरीला पोचणार कसा, हे कोर्टालाही कळतं, पण ते अर्जात लिहून कोणीतरी समोर ठेवावं लागतं. अन् ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं खोटं सर्टिफिकेट आणू नका. ते उघडं पडलं तर एक चुकलेली पेशी बाजूला राहते आणि खोट्या पुराव्याची नवीन भानगड गळ्यात पडते.

दुसरी चूक, "वकीलसाहेब पायतीन सारं". वकील पाहतो, पण त्याला कळवलं तर. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 355 प्रमाणे आरोपीच्या गैरहजेरीत वकिलामार्फत काम चालवायची मुभा कोर्ट देऊ शकतं, त्यासाठी हजेरी माफीचा अर्ज लागतो आणि तो पुकाऱ्याच्या आधी जायला पाहिजे. सकाळी नऊला फोन केला तर अर्ज होतो. दुपारी तीनला फोन केला तोवर वॉरंटची ऑर्डर झालेली असते. हा अर्ज प्रत्येक तारखेला चालत नाही हेही लक्षात ठेवा. आरोप वाचून दाखवायचा दिवस, साक्षीपुरावा झाल्यावर आरोपीचा जबाब असतो तो दिवस आणि निकालाचा दिवस, या तिन्ही वेळी स्वतः उभं राहायची तयारी ठेवा. खरंच बाहेरगावी नोकरी असेल तर दर वेळी माफी मागण्यापेक्षा कायमची सूट मागता येते का हे वकिलाला विचारा, छोट्या केसमध्ये ती मिळू शकते.

तारखेचा गोंधळ हा तर वेगळाच विषय आहे. साहेब रजेवर आहेत असं कळलं की अर्धे लोक हॉलमधूनच परत फिरतात. अरे बाबा, साहेब रजेवर असले तरी केसला पुढची तारीख पडते, ती घेतल्याशिवाय कोर्टाची पायरी उतरू नका. दुसरं म्हणजे केस मोठ्या कलमाची असेल तर ती तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टातून सेशनला कमिट होते, मग फाइल अचलपूर, पुसद किंवा थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जाते आणि आरोपी मात्र जुन्याच कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहतो. तिसरं, पोलीस स्टेशनलाच जामीन झाला, वर्षभर कोणी बोलावलं नाही, म्हणून केस संपली असं समजून लोक मोबाइल नंबर बदलतात, पत्ता बदलतात. चार्जशीट उशिरा दाखल होते, समन्स जुन्या पत्त्यावर जातो. यावर उपाय फुकटचा आहे. ई-कोर्ट्स अॅप मोबाइलवर घ्या, वकिलाकडून केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर मागून त्यात टाका, पुढची तारीख आणि कोणतं कोर्ट दोन्ही दिसतं. स्मार्टफोन नसेल तर पोराच्या फोनमध्ये टाकून ठेवा. जिथं राहायला गेलात तो पत्ता कोर्टात अर्ज देऊन कळवा, नुसतं पोलीस पाटलाला सांगून भागत नाही.

गावात मिटलं म्हणून पेशीला जाणं सोडून देणं, ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याच लोकांचं. पोळ्याला भांडण झालं, दिवाळीत दोन्ही घरं एकत्र जेवली, फिर्यादीच म्हणतो आता काही नाही भाऊ, आणि मग दोघंही कोर्टाकडं फिरकत नाहीत. पण केस गावाची नसते, सरकार विरुद्ध आरोपी अशी असते. काही कलमं कोर्टात फिर्यादीच्या सहीने मिटवता येतात, काही मिटतच नाहीत आणि त्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. तुमचं कलम कोणत्या प्रकारातलं आहे ते आधी विचारा, मिटवायचा अर्ज द्या, त्यावर ऑर्डर होईपर्यंत दर तारखेला जा.

आता जमानतदाराचं सांगतो, कारण तो बिचारा कोणाच्याच हिशोबात नसतो. मामा, साळा, शेजारचा धुरेकरी, कोणीतरी सातबारा अन् सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) घेऊन उभा राहतो, बाँडवर सही करतो आणि त्याला वाटतं आपलं काम आजच्या आजच संपलं. संपलेलं नसतं. बाँडमध्ये लिहिलंय तोवर, म्हणजे बहुतेक वेळा केस चालेल तोवर, तो बांधलेला असतो. आरोपी आला नाही की बाँड जप्त होतो आणि बीएनएसएस कलम 491 खाली जमानतदाराला नोटीस जाते, की समजा 15,000 रुपयांचा बाँड आहे तर ते भरा नाहीतर का भरू नये ते सांगा. नोटीस आली की लोक ती पत्र्याच्या पेटीत टाकून देतात, तसं करू नका. त्या तारखेला हजर राहा, आरोपी कुठं आहे, त्याला आणायला काय धडपड केली ते लेखी द्या. कारणं नोंदवून रक्कम कमी करायचा अधिकार कोर्टाला आहे आणि आरोपीला सोबत घेऊन गेलात तर म्हणणं जास्त ऐकलं जातं. काहीच केलं नाही तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते आणि वसूल झालीच नाही तर जमानतदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. गुन्हा दुसऱ्याचा, तुरुंगात हा.

पोरगा ऐकत नाही, गाव सोडायच्या तयारीत दिसतो असं वाटलं तर जमानतदाराने बीएनएसएस कलम 489 प्रमाणे आपल्याला मोकळं करा असा अर्ज आधीच द्यावा. कोर्ट आरोपीला बोलावतं, दुसरा जमानतदार आणायला सांगतं. नात्यात वाईटपणा येतो हे खरं आहे, पण चार एकर कोरडवाहूवाल्याने दुसऱ्यासाठी किती ओढून घ्यायचं. आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन अनोळखी जमानतदार लावून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, कागद बनावट निघाले तर तो वेगळा फौजदारी गुन्हा होतो. कोणीच उभं राहत नसेल तर जातमुचलक्यासाठी म्हणजे स्वतःच्याच बाँडवर किंवा रोख रक्कम भरून सुटण्यासाठी अर्ज करता येतो.

वॉरंट निघालं असेल तर ते कोणतं आहे ते आधी पाहा. बेलेबल म्हणजे जामीनपात्र असेल तर त्यावर रक्कम लिहिलेली असते, तेवढा बाँड पोलिसांना देऊन सुटता येतं. नॉन बेलेबल म्हणजे अजामीनपात्र वॉरंट यांत्रिकपणे काढू नये, आधी समन्स मग बेलेबल असा क्रम असावा, असं सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलंय, पण वारंवार दांडी मारणाऱ्याला याचा आधार फार काळ पुरत नाही. आणि वॉरंट जुनं झालं म्हणून मरत नाही, ते काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं, आठ वर्षांनी बहिणीच्या लग्नाला आलेल्या माणसाला मांडवातून उचलतात ते यामुळंच.

इथंच लोक सगळ्यात मोठी चूक करतात, जीप दिसली की कपाशीत शिरतात. कायदेशीर अटकेला विरोध करणं किंवा पोलिसांच्या ताब्यातून निसटणं हा बीएनएस 262 चा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, मूळ केस कितीही किरकोळ असो. कोर्टाने ताब्यात घ्या म्हटल्यावर गर्दीतून बाहेर निघून जाणं हे सुद्धा तेच. सोडवायला गावाने गाडी अडवली तर अडवणाऱ्यांवर 263 आणि सरकारी कामात बळाचा वापर म्हणून 132 लागतं, एका पोरापायी दहा घरांत केस शिरते. पळालेल्याला लपवून ठेवणाऱ्यावरही गुन्हा होतो, त्यातून सूट फक्त नवरा-बायकोला आहे, आईला अन् भावाला नाही.

तरीही आरोपी सापडला नाही तर बीएनएसएस कलम 84 ची उद्घोषणा निघते, गावात वाचली जाते, घरावर चिकटवतात, हजर व्हायला किमान 30 दिवस मिळतात. त्यानंतरही हजर झाला नाही तर बीएनएस 209 खाली तीन वर्षांपर्यंत, गंभीर गुन्ह्यात घोषित फरारी ठरला तर सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय मालमत्तेवर जप्ती. घोषित फरारीवर आता त्याच्या माघारी खटला चालवून निकालही देता येतो.

तर वॉरंट निघालंय कळलं की पोलीस येण्याची वाट पाहू नका, स्वतः जा. सोमवार-मंगळवार निवडा, शुक्रवारी संध्याकाळी पकडला गेलात तर सुट्टीच्या रिमांड कोर्टापुढे उभं राहावं लागतं आणि मूळ फाइल तिथं नसते. सकाळी कोर्ट बसायच्या आधी वकिलासोबत पोचा, सोबत आधार, दोन फोटो, गैरहजेरीच्या कारणाचे कागद आणि जमानतदार त्याच्या कागदांसह असू द्या, कारण जुना बाँड जप्त झाला असेल तर नवीन लागतो. वॉरंट रद्दचा अर्ज द्या, थोडा खर्च बसवला तर भरा, हुज्जत घालू नका. वकिलाचे पैसे नसतील तर कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, 15100 वर फोन केला तरी चालतो. अर्ज नामंजूर होऊन एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली तर तिथंच जामिनाचा अर्ज टाकता येतो, आणि त्या अर्जात आरोपी स्वतःहून हजर झाला हे वाक्य वकिलाला आठवणीने लिहायला लावा.